स्थानिक कायद्याची सबब

इंटरनेट कंपन्यांनी परकीय सरकारांच्या मुस्कटदाबीस हातभार लावू नये यासाठी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ख्रिस स्मिथ यांनी २००६ साली जे विधेयक मांडले, त्याविरुद्धचा पूर्वपक्ष दिसावयास मोठा सोज्ज्वळ आहे: ज्या मुलखात व्यापार करावयाचा तेथील कायदा पाळणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय, शिवाय आम्ही निघून गेलो, तर आमची जागा तद्देशीय कंपन्या घेतील आणि लोकांस आज मिळते तेवढीही माहिती मिळणार नाही.

या सोज्ज्वळपणाची परीक्षा शी ताओ या चिनी पत्रकाराच्या खटल्यात झाली. तिआनानमेन हत्याकांडास पंधरा वर्षे पुरी होत असता वृत्तपत्रांनी कसे वागावे याविषयी अधिकाऱ्यांनी जे फर्मान काढले, त्याचा गोषवारा त्याने एप्रिल २००४ मध्ये याहूच्या ईमेलवरून परदेशी धाडला. सरकारने खात्याची माहिती मागितली, कंपनीने ती दिली, आणि २००५ साली चांग्शाच्या न्यायालयाने राज्याची गुपिते फोडल्याबद्दल त्यास दहा वर्षांची कैद ठोठावली. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये याहूचे प्रमुख जेरी यांग यांनी संसदीय समितीसमोर, मागे बसलेल्या शी ताओच्या मातेस लवून अभिवादन करीत क्षमा मागितली, आणि त्याच महिन्यात कंपनीने कुटुंबीयांशी तडजोडही केली. केवळ कर्तव्यच बजावले होते, तर क्षमा कशाची?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि शोधाचे निकाल गाळण्यापुरता तो मी अंशतः मान्यही करतो. काही कपाटांना कुलूप असलेले ग्रंथालय हे मुळीच नसलेल्या ग्रंथालयापेक्षा बरे. परंतु पुस्तक लपविणे निराळे आणि वाचकाचे नाव कोतवालास कळविणे निराळे. हा भेद व्यवहारात पाळता येत नाही असे म्हणणाऱ्यांस गूगलनेच उत्तर देऊन ठेवले आहे. जानेवारी २००६ मध्ये तिने चीनसाठी गाळणी लावलेले शोधस्थळ उघडले, जे माझ्या मते लाजिरवाणेच होते; तथापि जीमेल आणि ब्लॉगर या सेवा मात्र तिने तेथे मुद्दाम नेल्या नाहीत, कारण खातेदारांचे दफ्तर सरहद्दीच्या आत ठेवले म्हणजे आज ना उद्या त्याची मागणी होणार, हे तिचे चालक जाणून होते. एका कंपनीने स्वखुशीने जे केले, तेच विधेयक सर्वांवर बंधनकारक करू पाहत होते: दफ्तर अशा देशात ठेवू नये, आणि कोणाची ओळख मागितली गेल्यास अमेरिकेच्या न्यायखात्यास विचारल्यावाचून ती देऊ नये.

एका देशाचा कायदा दुसऱ्या देशात कसा चालावा, असे विचारणाऱ्यांनी १९७७ सालचा परदेशी लाचखोरीविरुद्धचा अमेरिकी कायदा आठवावा. व्यापार बुडेल अशी ओरड त्याही वेळी झाली. प्रत्यक्षात लाच मागणाऱ्यास ‘आमचा कायदा आड येतो’ असे सांगण्याची सोय त्याने करून दिली. पोलिसांचे पत्र हाती पडलेल्या एकाकी कारकुनास असाच आधार हवा असतो. अमेरिका स्वतः जगावर हेरगिरी करते हा टोमणा २०१३ सालच्या हेरगिरीविषयीच्या गौप्यस्फोटांनंतर बिनतोड झाला आहे खरा, पण त्यावरून तिने आपल्या हेरखात्यासही लगाम घालावा एवढेच सिद्ध होते.

विधेयक पुनःपुन्हा मांडले गेले आणि कायदा न होताच विरले. शी ताओ २०१३ साली सुटला. २०१८ साली ॲपलने आपल्या चिनी ग्राहकांचे आयक्लाउड दफ्तर ग्वेचौ प्रांतातील सरकारी मालकीच्या कंपनीकडे सोपविले. गाळणीविषयीची कलमे हवी तर बाजूस ठेवावीत, परंतु दफ्तराविषयीचे कलम तेवढे अलग काढून अमेरिकी संसदेने ते विनाविलंब मंजूर करावे.