गोधडीच्या चिठ्ठीवरचा आकडा

जत्रेतला, मेळ्यातला स्टॉल आपल्याला नवा नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या, कॅलेंडरांच्या, मूर्तींच्या स्टॉलपुढे आपण दरवर्षी उभे राहतो. पण आपण उभे असतो ते टेबलाच्या अलीकडे. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या अकरा भगिनी पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे हिशेबाची वही घेऊन आम्हीही होतो. त्या दोन दिवसांत आम्हांला जे कळले ते इथे सांगतो. त्यातला बराच भाग आमच्याच चुकीचा आहे.

आम्ही कल्याणला राहतो. वस्तीतल्या बायकांचा बचत गट आहे. तिघी धुणेभांड्याला जातात, एक डबे करते, बाकीच्या घरचे सांभाळून मिळेल ते काम करतात. महिन्याला शंभर शंभर रुपये जमा होतात आणि रविवारी विहारात बसून त्याचा हिशेब होतो. दोन स्टेशने पलीकडे बचत गटांचा दोन दिवसांचा मेळा भरणार असे कळले, तेव्हा अर्ज आम्हीच भरला. काय विकणार, या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न पडला. तेव्हा आक्का म्हणाल्या, "गोधड्या लिवा की भाऊ. दुसरं काय येतंय आमाला?"

आक्का मूळच्या परभणीकडच्या, साठीच्या पुढच्या. गोधडी त्यांच्या हातची पाहावी. चारपाच जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही, वरून एक धड कापड घालायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचे. टाका तांदळाएवढा. बंगालातली कांथा, बिहारातली सुजनी हीही याच कुळातली, जुन्या साड्या आणि धावदोरा. तिथल्या बायकांचे काम आज शहरांतल्या मोठ्या दुकानांत मांडलेले असते. आपली गोधडी मात्र अजून ट्रंकेतच आहे.

दोन महिन्यांत सहा मोठ्या गोधड्या झाल्या, तान्ह्या मुलांसाठी पंधरा दुपटी झाली, उरलेल्या तुकड्यांची गरम भांडी धरायची फडकी झाली. एका सुनेकडे शिलाई मशीन आहे. तिने मांजरपाटाच्या साठ पिशव्या शिवल्या आणि तोंडाशी साडीचे काठ लावले. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला गिऱ्हाईक आहे, हे तिचे म्हणणे.

किंमत ठरवायचे काम आमच्याकडे आले. आम्ही बी.कॉम., शिवाय वीस वर्षे कचेरीत आकडेच लिहितो. आम्ही ऐटीत कागद घेतला. एका गोधडीला वरचे कापड आणि दोरा मिळून ४५० रुपये. टेम्पो, स्टॉलचे भाडे वगैरे धरून १५०. झाले ६००. त्यावर पंचवीस टक्के नफा १५०. एकूण ७५०. चिठ्ठ्या आमच्याच अक्षरात लिहिल्या आणि टाचणीने लावल्या. आक्का बाजूला बसून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, यात आमच्या हाताचं काय?" आम्ही म्हणालो, "आक्का, ते नफ्यात येते." त्या पुढे बोलल्या नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी एकपर्यंत एक रुपयाची विक्री नाही. टेबल आम्ही लावले होते. सगळ्या वस्तूंच्या नीट घड्या करून एकावर एक रचल्या होत्या, कचेरीत फायली रचतात तशा. माणसे एक नजर टाकून पुढे जात. शेवटी डबे करणाऱ्या ताईंनी आम्हांला उठवले. त्यांनी मंडपाच्या दोन खांबांना सुतळी बांधली, तिच्यावर दोन गोधड्या पसरून टाकल्या, पिशव्या खिळ्यांना अडकवल्या आणि आक्कांच्या हातात सुई देऊन त्यांना पुढे स्टुलावर बसवले. गिऱ्हाईक थांबायला लागले ते तेव्हापासून. हात चाललेला दिसला की माणूस थांबतो. पहिली विक्री चाळीस रुपयांच्या फडक्यांच्या जोडीची झाली. ती नोट सुनेने बराच वेळ हातातच धरून ठेवली होती.

घासाघीस होणार हे ठाऊक होते. साठची पिशवी चाळीसला मागणारी बाई दुसऱ्या खांद्यावर हजाराची पर्स लावून होती, हे सांगायला नको. पण एक प्रश्न आम्ही धरला नव्हता. एका बाईंनी गोधडी हातात घेतली, उलटून पाहिली, टाक्यांचे कौतुक केले आणि विचारले, "आत साड्या कोणाच्या आहेत?" आक्का म्हणाल्या, "माझ्या. धुतलेल्या हायेत, उन्हात वाळवल्यात." बाईंनी गोधडी हळूच खाली ठेवली. त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न होता की नव्हता, ते त्यांचे त्यांना ठाऊक. आमच्या कानांनी तो ऐकला. आक्कांनी गोधडी झटकली, पुन्हा सुतळीवर टाकली आणि सुई हातात घेतली.

पैशांची गंमत वेगळीच. सुट्टे नव्हते. शंभराच्या नोटा घेऊन शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलवर आमची सारखी धावाधाव. मोबाईलवरून पैसे घेण्यासाठी सुनेच्या फोनचा क्यूआर कोड पुठ्ठ्यावर चिकटवला होता. गर्दीत एका मुलाने पैसे गेल्याचे फोनवर दाखवले, आम्ही दोन पिशव्या दिल्या, आणि ते १२० रुपये आजतागायत आलेले नाहीत. भगिनींनो, समोरच्याच्या फोनवर काय दिसते ते पाहू नका, आपल्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज आधी पाहा. आणि कोड गटाच्या बँक खात्याचा ठेवा. सुनेच्या खात्यात गटाचे पैसे आले म्हणून घरात तिला चार प्रश्न ऐकावे लागले. तिची चूक काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दुकानदार आले. तीन गोधड्या निवडल्या, किंमत पाहिली आणि एक शब्द न बोलता २,२५० रुपये मोजले. आमचा आनंद गगनात मावेना. आम्ही आक्कांना म्हणालो, "पाहिलेत? घासाघीस केली नाही!" आक्का म्हणाल्या, "भाऊ, जो घासाघीस करत न्हाई, त्याला माल सस्तात मिळालेला आसतो."

रात्री विहारात वही उघडली. मोठ्या गोधड्या ४, दुपटी ९, पिशव्या ४७, फडक्यांच्या जोड्या २२. चिठ्ठीप्रमाणे ८,३२० रुपये व्हायला हवे होते. घासाघिशीत आणि त्या न आलेल्या १२० रुपयांत मिळून २७० गेले. हाती ८,०५०. विकलेल्या मालाचे साहित्य ४,५६५. टेम्पो, स्टॉल, पाटी, चहा मिळून १,६४०. उरले १,८४५. अकराजणींना प्रत्येकी १६७ रुपये आणि वर आठ रुपये. कोणी काही बोलेना.

मग धुणेभांड्याला जाणाऱ्या एका ताईंनी विचारले, "एका गोधडीला किती तास लागतात, ते मोजलं का कुणी?" मोजले. दोघीजणी, रोज दुपारचे दोन तास, तीन आठवडे. म्हणजे ८४ तास. साडेसातशेतून साहित्याचे साडेचारशे गेले, राहिले ३००. तासाला साडेतीन रुपये, तेही टेम्पोचे भाडे न धरता. ताई म्हणाल्या, "भांडी घासून मला याच्यापेक्षा किती तरी जास्त सुटतात."

आम्ही कॉलेजात कॉस्टिंग शिकलो. त्यात पहिले साहित्य, दुसरी मजुरी, तिसरा वरखर्च, आणि नफा या सगळ्यांच्या नंतर. परीक्षेत आम्ही कधी चुकलो नाही. कारखान्याचा हिशेब असता तर मजुरीचा रकाना रिकामा ठेवला नसता. इथे ठेवला, कारण काम घरात बसून, दुपारच्या वेळी, बायका करत होत्या. आमच्या आईनेही असेच आयुष्यभर शिवले, आणि ते काम आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते. आक्कांनी विचारलेच होते, आणि आम्ही त्यांना नफा दाखवला होता.

पिशवीचा हिशेब उलटा निघाला. मशीनवर एका पिशवीला वीस मिनिटे आणि सुटतात २५ रुपये. म्हणजे तासाला ७५. जिचे कोणी कौतुक केले नाही ती पिशवी गट चालवते आणि जिच्यापुढे माणसे थांबली ती गोधडी उपाशी राहते. म्हणून ठरले ते असे. मेळ्यात पिशव्या, फडकी आणि थोडी दुपटी न्यायची. मोठी गोधडी ऑर्डरीवरच, निम्मे पैसे आधी घेऊन. एक गोधडी स्टॉलवर टांगायची, पण दाखवायला. आणि प्रत्येकीने रोज किती तास शिवले ते वहीत लिहायचे.

जीएसटीची भीती काहींना वाटत होती, तीही सांगून टाकतो. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. आपण अजून आठ हजारांवर आहोत. गटाला प्रशिक्षण किंवा कर्जाची वाट हवी असेल तर १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

आठ दिवसांनी दुकानदारांचा फोन आला. आणखी दहा गोधड्या हव्यात, घाऊक म्हणून सातशेने द्या. तासाला निदान तीस रुपये धरले तरी एक गोधडी तीन हजारांच्या वर जाते, हे आम्ही मांडून ठेवले होते. सुनेचे म्हणणे, एवढी किंमत सांगितली तर गिऱ्हाईक जाईल, हजाराला देऊन टाकू, निदान काम तरी चालू राहील. तिचेही खोटे नव्हते. तासभर वाद झाला. शेवटी आक्कांनीच फोन घेतला आणि तीन हजार सांगितले. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. अजून तरी पुन्हा आलेला नाही.

उरलेल्या दोन गोधड्यांपैकी एक आक्कांच्या नातवाच्या अंगावर गेली. दुसरीवर आमच्या अक्षरातली साडेसातशेची चिठ्ठी होती. आक्कांनी ती टाचणीसकट काढून आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, कोरा कागद द्या एक."