नेवाळीचा तात्पुरता पॅच

शनिवारी बाइकवरून मलंगगडला निघालो होतो. नेवाळी नाका आला तसा मागे बसलेला मित्र म्हणाला, "इथे एअरपोर्ट झालं असतं ना, डोंबिवलीहून अर्ध्या तासात विमानात!" हे वाक्य मीही शंभरदा म्हटलंय. आता नाही म्हणणार.

अहो, धावपट्टी होती की इथे! दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यासाठी शेतकऱ्यांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. युद्ध १९४५ ला संपलं, इंग्रज १९४७ ला गेले. जमीन मात्र संरक्षण खात्याकडेच राहिली. शेतकरी म्हणतात, युद्धापुरती घेतली होती. सरकार म्हणतं, आमच्याच मालकीची. मधल्या काळात लोक तिथे भात लावत राहिले. २२ जून २०१७ ला नौदलाच्या कुंपणावरून आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या. आपण काय केलं? ट्रॅफिकला शिव्या घातल्या.

आमच्या धंद्यात 'तात्पुरता पॅच' टाकतात आणि तो पाच-पाच वर्षं निघत नाही. इथे ऐंशी वर्षं झाली!

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडताहेत. म्हणजे आपली एअरपोर्टची हौसही भागली. आता नौदलाला जागा खरंच लागत असेल तर जुने कागद लोकांसमोर ठेवा, आजच्या भावाने मोबदला द्या. नसेल लागत तर परत करा.

माझा फ्लॅटही कुणाच्या तरी शेतावरच उभा आहे म्हणा. पण ते शेत निदान विकत घेतलं होतं.