कवितेने भीड सोडावी

एप्रिल महिना लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत भीमजयंतीचे मंडप उभे राहतात. मिरवणूक असते, व्याख्यान असते, भीमगीतांचा कार्यक्रम असतो आणि अनेक ठिकाणी कविसंमेलनही असते. वहीची पाने किंवा मोबाइल हातात धरून मुले-मुली मंचावर येतात आणि धीटपणे कविता म्हणतात. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराची बंदी होती, त्या समाजाची लेकरे आज कविता लिहितात, ही अभिमानाचीच बाब आहे. परंतु लक्ष देऊन ऐकले तर एक गोष्ट खटकते. बहुतेक कवितांत तोच सूर्य, तोच ज्वालामुखी, तेच निखारे आणि तीच क्रांतीची मशाल! कवी बदलतो, गाव बदलते, कविता मात्र बदलत नाही. टाळ्या पडतात, मंडप उतरतो आणि कविताही मंडपासोबत उतरते. असे का व्हावे?

याचा दोष या मुलांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. त्यांच्या मनावर दोन चुकीच्या समजुती लादल्या गेल्या आहेत. पहिली समजूत शाळेतून येते. प्रतिभा ही दैवी देणगी आहे, ती शारदेच्या कृपेने मिळते आणि ज्याला मिळत नाही त्याने गप्प बसावे, ही ती समजूत. दुसरी समजूत आपल्याच मंचावरून येते. आंबेडकरी कविता म्हणजे आरोळी, तिला ठरलेला गणवेश असतो आणि तो घातल्याशिवाय ती आंबेडकरी होत नाही, असे नवोदितांना वाटू लागले आहे. पहिली समजूत माणसाला लिहूच देत नाही आणि दुसरी त्याला स्वतःचे लिहू देत नाही.

इतिहास काय सांगतो? नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा मराठी साहित्याला हादरा बसला. त्याची प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातील कित्येक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. ते शब्द ढसाळांनी कोशातून आणले नव्हते. ज्या वस्तीत ते वाढले, त्या वस्तीच्या तोंडचे ते शब्द होते. दोनच वर्षांनी, १९७४ साली, दया पवारांचा ‘कोंडवाडा’ आला. त्याचा आवाज अगदी निराळा होता, कारण दया पवारांचे दुःख सोसण्याची रीत निराळी होती. वामनदादा कर्डकांना तर तरुण वयापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, ही सल मनात धरून ते अक्षरे शिकले. पुढे त्यांची गाणी खेड्यापाड्यांतील वस्त्यांवर पोहोचली. या तिघांवर कोणत्या शारदेने कृपा केली होती? त्यांनी आपापले जगणे उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि जसे वाटले तसे सांगितले. आज आपण त्यांचे शब्द उचलतो, पण त्यांचे पाहणे उचलत नाही. खरी अडचण येथे आहे.

भावना प्रामाणिकपणे कशी सांगावी, याचा धडा खुद्द बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोटेखानी आठवणी प्रत्येक नवोदित कवीने वाचाव्यात. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानाला बडोद्यात पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले. हा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. त्यात विशेषणांची आतषबाजी नाही. काय घडले आणि काय वाटले, एवढेच आहे. म्हणूनच वाचणाऱ्याच्या काळजाला ते भिडते. संविधानाच्या शिल्पकाराला आपले अश्रू लपवावेसे वाटले नाहीत, मग आपल्या तरुणाला ते लपवावेसे का वाटतात?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याच्या शीर्षस्थानी बाबासाहेबांनी तुकोबांचा अभंग छापला. आता भीड धरून चालणार नाही, तोंड उघडले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. भीड सोडणे ही आंबेडकरी लेखनाची पहिली अट आहे, ती अशी शंभर वर्षांपासून. शत्रूची भीड आपण केव्हाच सोडली. आता टाळ्यांची, चालू साच्याची आणि चारचौघे काय म्हणतील याची भीड सोडायची आहे.

आणि हे सांगायला हिंगोलीइतकी योग्य भूमी दुसरी कोणती? संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. शिंपी समाजातील या कवीची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. औंढ्याच्या देवळासमोर नामदेवांना कीर्तन करू दिले नाही, त्यांना मागे पाठवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. देऊळ फिरले यावर आमचा विश्वास नाही. परंतु गाणाऱ्याला मागे हाकलणारे लोक होते आणि तो मागे उभा राहूनही गात राहिला, हे त्या कथेतले खरे आपण का सोडावे? नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. दळण-कांडण हाच तिच्या अभंगांचा विषय झाला. परभणी जिल्हा ओलांडून बीडमध्ये शिरलो की माजलगाव लागते. तेथील भीमनगरात १९९६ साली गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने आपल्या मायमाऊल्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, रमाई आहे. या बायांना कुणी प्रतिभेचा दाखला दिला नव्हता. जात्याचा दांडा हाती होता आणि मन भरून आले होते, एवढे भांडवल त्यांना पुरले.

मग हिंगोलीच्या तरुणाने काय लिहावे? वसमतकडची हळद साऱ्या देशात जाते. ती काढणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या हातांवरचा पिवळा रंग कवितेत कुठे आहे? लगीनघरी हळद लागते एका दिवसापुरती, मजुराच्या अंगाला ती हंगामभर लागलेली असते. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले आईबाप आणि मागे आजीजवळ राहिलेली लेकरे कुठे आहेत? स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नानंतर गावी यायला लाजणारा भाऊ कुठे आहे? शहरात खोली पाहायला गेल्यावर आडनाव विचारले जाते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो कुठे आहे? आणि १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्या ज्यांनी तरुणपणी पाहिल्या ती माणसे आता सत्तरीकडे झुकली आहेत, काही सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्या रात्री घरातून काय उचलले आणि काय मागे राहिले, हे त्यांना कुणी विचारले का? आणखी दहा-पंधरा वर्षांनी विचारायला माणूस राहणार नाही. प्रेरणा शोधत भटकणाऱ्यांनी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसापाशी एक संध्याकाळ बसावे, एवढीच आमची सूचना आहे.

यात घरातलेही आले पाहिजे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. गावाने केलेला छळ त्यांनी सांगितला आणि आपल्याच घरांतील सुनांचे हालही झाकले नाहीत. त्यामुळे चळवळ दुबळी झाली काय? उलट तिचा नैतिक अधिकार वाढला. आपल्या मुली आज घरातले दुःख लिहितात तेव्हा ‘हे मंचावर नको’ म्हणून त्यांना थांबवले जाते. हे थांबले पाहिजे. जी कविता सवर्णाला प्रश्न विचारते आणि घरातल्या पुरुषाला विचारत नाही, ती अर्ध्यावर थांबलेली कविता आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, भीती, लाज, रडणे हे कवितेत आणले तर लढण्याची धार बोथट होईल. त्यांनी थेरीगाथा उघडावी. पुण्णा ही पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या शिक्षेच्या भीतीने आपण कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरत होतो, हे ती सरळ सांगते. आणि नदीच्या स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मग बेडूक आणि कासवेही स्वर्गात जातील काय? स्वतःच्या भीतीची कबुली आणि व्यवस्थेला रोकडा सवाल एकाच गाथेत आहेत. भावना आणि विवेक यांची अशी जोडी तथागतांच्या संघात घडली. आपला वारसा हाच आहे.

प्रामाणिक भावना म्हणजे मनात आले ते कागदावर ओतणे, असाही गैरसमज नको. लिहिलेले पुन्हा वाचावे. जो शब्द आपण कधी बोलत नाही, तो खोडावा. जो राग आपल्याला आलाच नाही, त्याची ओळ काढून टाकावी. मग विहारात चार वडीलधाऱ्या बायांसमोर कविता वाचावी. त्यांना ती आपली वाटली की समजावे, जमली.

जयंती मंडळांचीही जबाबदारी आहे. पुढाऱ्यांच्या सत्काराला दोन तास आणि कवीला दोन मिनिटे, ही रीत बदलावी. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’मधून आणि त्याच्या मेळाव्यांतून खेड्यापाड्यांतल्या नवोदितांना हक्काची जागा दिली, म्हणून एक पिढी लिहिती झाली. तालुक्याच्या विहारांत महिन्यातून एक दिवस कविता वाचण्या-ऐकण्यासाठी ठेवायला कोणता निधी लागतो?

औंढा तालुक्यातील दुधाळा येथे लायगो प्रकल्प होत आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरची अतिसूक्ष्म थरथर टिपण्यासाठी तेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली वेधशाळा उभी राहणार आहे. विज्ञानाचे हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्याच तालुक्यातील वस्तीत, शेजारच्या घरात, आपल्याच छातीत जी थरथर होते, ती टिपणारे यंत्र कुठल्याही देशात बनत नाही. ते काम कवीचे आहे. हिंगोलीच्या तरुणांनो, ते तुम्हालाच करायचे आहे. भीड सोडा आणि स्वतःचे लिहा. जय भीम!