आधी तण ओळखा, मग माती हलवा

पडीक जागेवर बाग करायचे ठरले की पहिला फोन बहुधा जेसीबीवाल्याला जातो. दोन तासांत जागा मोकळी होते आणि पावसाळा सुरू झाला की तण पूर्वीपेक्षा दाट उगवते. याला कारण आपली घाई. कोणते तण आहे हे न पाहताच आपण माती उलटतो.

गाजर गवत, टाकळा, माठ ही तणे बियांवर पसरतात. पुणे परिसरात १९५० च्या दशकात नजरेत भरलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले, कारण त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेतच.

लव्हाळा आणि हरळी यांचे गणित वेगळे. लव्हाळा ओढला की पात हातात येते आणि दोऱ्यासारखे मूळ तुटून गाठ मातीतच राहते. अशा गाठींची जमिनीखाली साखळीच असते. ती अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी निद्रिस्त राहतात. रोटाव्हेटरने तिचे तुकडे केले की सुटी झालेली गाठ नवे रोप होऊन वर येते. हरळीही तुटलेल्या पेरापेरातून फुटते. म्हणून ओल्या जमिनीत या तणांवर यंत्र फिरवणे म्हणजे त्यांची लागवड करणेच होय. उन्हाळ्यात मात्र कुदळीने खणून हरळीच्या काश्या, म्हणजे जमिनीखालची खोडे, आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचाव्यात. नजरेतून सुटलेल्या बऱ्याचशा उन्हात सुकतात.

बियांसाठी एप्रिल-मेचे ऊन कामी येते. जमीन सपाट करून भिजवावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. आतल्या उष्णतेने वरच्या थरातले पुष्कळसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातून वाचतात. त्यानंतर पुन्हा खोल खणू नये, नाहीतर खालचे जिवंत बी वर येते. रोपे लावून भोवती पुठ्ठा आणि त्यावर चार इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे. खोडाजवळ थोडी जागा मोकळी सोडावी.

सगळी जागा एका वर्षात ताब्यात घेण्याचा हट्ट सोडावा. दर आठवड्याला खुरपणी जमेल एवढाच तुकडा लागवडीला घ्यावा. उरलेल्या जागेत पावसाळ्यात ताग किंवा चवळी दाट पेरावी. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही. ताग फुलावर येताच कापून तिथेच पसरावा.

तण एका दिवसात संपवण्याची आश्वासने बाजारात पुष्कळ मिळतात. पण तणनाशकाने वरचा पाला जळाला तरी मातीतला बियांचा साठा कायम राहतो. तो घटतो नवे बी पडू न दिल्याने, आणि ते काम खुरप्याचे आहे. म्हणून बागेसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला मोठा वाटा पहिली दोन वर्षे नियमित खुरपणीसाठी राखून ठेवावा.