खाल्ल्या मिठाला जागणारे तपासनीस

७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी आपल्याच संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत ६४९ कोटींचा नफा दाखवला होता. खरा होता ६१ कोटी. त्या वेळी कंपनीत स्वतंत्र संचालक होते, लेखापरीक्षण समिती होती, जागतिक कीर्तीचे हिशेबतपासनीस होते. एवढेच नव्हे, तर उत्तम कंपनी-कारभाराचे पारितोषिकही काही महिन्यांपूर्वीच तिला मिळाले होते!

ही एका माणसाच्या हव्यासाची कहाणी आहे, असे सांगून भांडवलदारी वृत्तपत्रे मोकळी झाली. आम्हांस ते मान्य नाही. बँकेत ठेव आहे की नाही, हे पाहण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. तपासनिसाने बँकेस स्वतः पत्र धाडावे आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवावे. गावच्या पतपेढीतही एवढी अपेक्षा असते. येथे मात्र ती पत्रे धाडण्याचे काम कंपनीच्या व्यवस्थापनावरच सोपवले गेले होते, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली आपल्या आदेशात नोंदवले. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या याच. आणि संचालक मंडळ? राजू कुटुंबाशी निगडित दोन कंपन्या १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा ठराव त्याने डिसेंबर २००८ मध्ये संमत केला होता. तो मागे घ्यावा लागला तो बाहेरच्या गुंतवणूकदारांनी केलेल्या ओरडीमुळे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने काही उपाय केले. एकाच तपासनीस संस्थेस सलग दहा वर्षांहून अधिक राहता येत नाही. त्याच कंपनीला व्यवस्थापनविषयक सल्ला विकण्यास तिला मनाई आहे. घोटाळा आढळल्यास सरकारला कळवणे बंधनकारक आहे. २०१८ साली राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणही स्थापन झाले. या सुधारणा निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तपासनिसाची नेमणूक भागधारकांच्या सभेत प्रवर्तकांच्या मतांच्या जोरावर होते आणि त्याचे शुल्क कंपनीच देते, हे मूळ दुखणे तसेच आहे. सरकारी कंपन्यांचे तपासनीस नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. सार्वजनिक क्षेत्रास ऊठसूट नावे ठेवणाऱ्यांनी खाजगी क्षेत्रास तोच नियम का नको, हे सांगावे.

हा वाद शेअरबाजारातला आहे, आपला त्यात काय संबंध, असे आपल्यातील अनेक कार्यकर्त्यांस वाटते. २०१८ मध्ये ‘आयएल अँड एफएस’ बुडू लागली, तेव्हा तिच्या रोख्यांत कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचाही पैसा अडकला होता. शिवाय नफा फुगवता येतो, तसा लपवताही येतो. १९६५ च्या बोनस कायद्याच्या २३ व्या कलमाने, तपासलेला ताळेबंद खरा मानून चालण्याची मुभा न्यायाधिकरणास दिली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आले आहे. म्हणजे मालकाने निवडलेल्या तपासनिसाची सही कामगाराच्या बोनसचा निकाल लावते. आपल्या युनियनांतून मात्र ताळेबंद उघडला जातो तो दिवाळीच्या तोंडावर, आणि तोही शेवटच्या पानावरचा आकडा पाहण्यापुरता!

‘सत्यम’मध्ये हजारो बनावट बिले तयार झाली. अशी बिले संचालकांच्या आधी हिशेबखात्यातील कारकुनाच्या नजरेस पडतात; पण त्याने ते सांगावे कोणाला? व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे घटनेचे ४३-अ कलम १९७६ पासून सांगत आहे. मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षण समितीवर कामगारांनी निवडलेला एक सभासद असावा आणि तपासनिसाची नेमणूक कंपनीबाहेरच्या सार्वजनिक यंत्रणेने करावी, या दोन मागण्या युनियनांनी आता वेतनकरारांच्या बोलण्यांतही मांडावयास हव्यात.