पट वाचला, आता बैलाचं बघा

शंकरपटाचा सीझन आला. तूर खळ्यावर आली, कापसाचे शेवटचे वेचे सुरू आहेत आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्यावर पटाचे फ्लेक्स लागलेत. फ्लेक्सवर वीस-पंचवीस चेहरे आहेत. बैलाचा फोटो कुठं असेलच तर खालच्या कोपऱ्यात.

पोस्ट लांब आहे. पटावर प्रेम असेल तर पूर्ण वाचा. राग आला तरी पूर्ण वाचा, मग बोलू.

बाहेरच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याकडं घाट चढत चार बैलांचा गाडा पळतो, सांगली-साताऱ्याकडं मैदानं भरतात. आपला वऱ्हाडातला शंकरपट म्हणजे सरळ धावपट्टी, हलका छकडा, एक जोडी आणि एक धुरकरी. सगळा खेळ काही सेकंदांचा. बक्षीस पॉइंटावर ठरतं, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागावर. तेवढ्या सेकंदांसाठी माणसं दोन-दोन दिवस उन्हात बसतात. का बसतात, हे पट न पाहिलेल्याला सांगून समजत नाही.

मी लहानपणापासून पट पाहत आलो, पुढं बातमीदार म्हणूनही पाहिले. त्यातले तीन सीझन मनात घर करून आहेत.

पहिला शाळेतला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा एकाधिकार खरेदी होती. कापसाचा चुकारा हातात आला की घरात कपडे यायचे, उधारी फिटायची आणि उरलं तर पटाला जायचं. आमच्या काकाची जोडी होती, चांद्या आणि हरण्या. पटाआधी पंधरा दिवस त्यांचं काम कमी व्हायचं आणि ढेप वाढायची. आदल्या रात्री बैलं चालतच पटाच्या गावी निघायची, आम्ही पोरं मागच्या बंडीत तणसावर झोपलेलो. गावात लेकी माहेरी आलेल्या, सोयऱ्यांनी घरं भरलेली. पटावर रेवड्या, फुटाणे, आलुबोंडे. दोन-चार सोयरिकीही तिथंच जमायच्या. पहिलं बक्षीस होतं फवारणीचा पंप. काकाची जोडी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. काका म्हणाला, "जाऊ दे न बाप्पा, पंप आपल्या घरी हायेच." दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जोडी वखराला जुंपलेली होती.

दुसरा सीझन नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झाला होता. बातमी हातानं लिहून पाकीट एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचो. त्या पटातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर माईकवरचे एक रिटायर गुरुजी. जोडी सुटण्याआधी ते मालकाची ओळख करून देत. कोणत्या गावचा, किती एकराचा कास्तकार, यंदा त्याला किती क्विंटल कापूस झाला, बैल घरच्या गाईचा की बाजारातून आणलेला, सगळं. चार एकराचा माणूस ते ऐकताना ताठ उभा राहायचा. वर्षभर बँकेत, खरेदी केंद्रावर, तहसीलमध्ये ज्याला कोणी विचारलं नाही, त्याचं नाव हजार माणसांसमोर घेतलं जायचं. मला तरी पटाची खरी गंमत तिथंच दिसली.

तिसरा सीझन २०२२ चा. मधली वर्षं बंदीची होती, त्याबद्दल पुढं बोलतो. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि परवानग्या मिळतील तसे पट पुन्हा भरू लागले. पहिली जोडी सुटली तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू.

पण त्याच दिवशी एक गोष्ट खटकली. बैलं पिकअपमधून उतरत होती. मी दहा-बारा जोड्यांजवळ गेलो. अंगावर झूल, खुरांना तेल, किंमत लाखांत. आणि बहुतेकांच्या खांद्यावर जुवाचा घट्टा नव्हता. खांदा पार गुळगुळीत. म्हणजे त्या बैलानं वखर ओढला नाही, डवरा ओढला नाही. तो पळण्यासाठीच घेतलेला, पळण्यासाठीच पोसलेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, त्यांना हळद आणि लोणी चोळतो. ते कशासाठी? वर्षभर जू वाहिलं म्हणून. ज्याचा खांदा जुवाला लागलाच नाही, त्याचं काय शेकणार?

माझं म्हणणं इथून सुरू होतं. कोर्टाच्या लढाईत आपण पट वाचवला. ज्या बैलासाठी तो भरायचा, तो मात्र गोठ्यातून निघून चाललाय आणि त्याच्यावर कोणी बोलत नाही.

आधी बंदीचं बोलू, कारण त्यात आपल्यालाही ऐकण्यासारखं होतं. ११ जुलै २०११ ला केंद्रानं अधिसूचना काढून बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूसोबत आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर ओढण्यासाठी आहे, शर्यतीत पळण्यासाठी नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट दिली आणि आठवडाभरात कोर्टानं ती थांबवली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, तीही कोर्टात अडकली. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. तेव्हा कुठं हा वाद मिटला.

आपण ढोल वाजवले. पण कोर्टानं मोकळं रान दिलेलं नाही, नियमांसकट परवानगी दिली. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, ५० हजारांची अनामत, धाव १००० मीटरच्या आत, बैलाची डॉक्टरकडून तपासणी. काठी, चाबूक, बॅटरी वापरायची नाही. नियम मोडून क्रूरता झाली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. आता छातीवर हात ठेवून सांगा, गेल्या सीझनमध्ये सुटीच्या रेषेवर आर लावलेली तुतारी तुम्हाला कुठंच दिसली नाही? शेपूट पिरगाळलेलं दिसलं नाही? चांगले धुरकरी आहेत, नुसत्या आवाजावर जोडी काढतात. त्यांचा मान तुतारीवाले घालवतात. उद्या कोणी व्हिडिओ घेऊन पुन्हा कोर्टात गेलं, तर दोष कोर्टाला देता येणार नाही.

आता बैलाचं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गाईंची, म्हणजे मादी जनावरांची संख्या २०१२ पेक्षा १८ टक्क्यांनी वाढलेली दिसते. नर मात्र ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर आले. सात वर्षांत २ कोटींहून जास्त कमी. दर दहा बैल-गोऱ्ह्यांमागे तीन गेले. आपल्या गावात वेगळं काय आहे? पंधरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोरणाखाली किती जोड्या उभ्या राहायच्या आणि यंदा किती होत्या, तुम्हीच आठवून बघा.

कारणं आपल्याला माहीत आहेत. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो. गडी मिळत नाही. चराई राहिली नाही. ढेप महाग, आणि सोयाबीनच्या कुटारावर बैलाचं पोट भरत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. तिच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं, मी त्यात शिरत नाही. पण कास्तकाराच्या हिशेबात एक गोष्ट बदलली. म्हातारा बैल विकून त्यात भर टाकून नवा आणायचा, हा जुना व्यवहार बसला. त्यामुळं जोडी घेतानाच माणूस दहादा विचार करतो.

"मग काय झालं? ट्रॅक्टर हाये न राजा!" असं म्हणणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा वावरात उभं राहावं. नांगरटी ट्रॅक्टर करतो. पण कपाशी गुडघ्याला लागली की दोन तासांच्या मधून डवरणी बैलच करतो. आठ दिवस झड लागते, मग दोन-तीन दिवस वाफसा मिळतो. त्या दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला डवरा पाहिजे असतो आणि गावात जोड्या उरल्यात मोजक्या. ज्याची जोडी, त्याचं वावर आधी. बाकीचे वाट पाहतात, तेवढ्यात पुन्हा पाणी येतं आणि तण कपाशीच्या वर जातं. मग तणनाशकाचा डबा, नाहीतर निंदणीची मजुरी. तीन-चार एकराच्या माणसाचं वर्ष तिथंच बिघडतं. माझ्यासाठी बैल गेल्याचं दुःख जुन्या आठवणींपुरतं नाही, ते या हिशेबाचंही आहे.

आणि आपण बक्षीस काय देतो? राज्यात बैलांच्या शर्यतीची बक्षिसं ट्रॅक्टर आणि जेसीबीपर्यंत गेलीत. बैल जिंकतो आणि बैलाचं काम काढून घेणारं यंत्र घरी येतं. यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

पटाचे बैल पाळणारे मित्र म्हणतील, आमच्यामुळंच चांगला गोऱ्हा कोणीतरी पाळतो, नाहीतर गौळाऊसारखी चपळ जात कधीच संपली असती. खरं आहे, त्यांचं श्रेय त्यांना. त्यांचा जनरल गट राहू द्या. मी बंद करा म्हणत नाही, मानाचा क्रम बदला म्हणतो.

काही पटांत गावगाडा म्हणून वेगळा गट असतो. घरच्या, कामाच्या जोड्यांचा. आज तो सकाळच्या वेळी, रिकाम्या मैदानात, छोट्या बक्षिसावर उरकतात. तो शेवटच्या दिवशी, भर गर्दीत ठेवा. मोठं बक्षीस त्याला द्या. खोटी जोडी घुसेल अशी भीती असेल तर पावती नको, दाखला नको. बैलाचा खांदा बघा. घट्टा असेल तर आत, नसेल तर जनरल गटात. पशुवैद्यकीय डॉक्टर तपासणीला तिथं असतातच, त्यांना ते एका नजरेत कळतं.

बक्षीस म्हणून वर्षभराची सरकी ढेप आणि कडबा द्या. अकोला तर ढेपेचीच बाजारपेठ आहे, देणारे व्यापारी मिळतील. आणि ज्याच्या हातात तुतारी दिसली ती जोडी तिथल्या तिथं बाद, मग मालक कोणाचाही पाहुणा असो.

माईकवर पाहुण्यांची नावं कमी घ्या, कास्तकाराचं नाव आधी घ्या. तळेगाव दशासरच्या पटात बायांनी छकडा हाकला, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे आपल्या लोकांना नवं काही चालत नाही, असं नाही. आयोजकांनी हिंमत करायची तेवढी बाकी आहे.

माझ्या फॉलोअर्समध्ये पट मंडळांचे बरेच लोक आहेत. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, धामणगाव, चांदूर, सगळीकडचे. यंदाच्या मीटिंगमध्ये एवढा एक विषय ठेवा. जे मंडळ गावगाड्याला मोठं बक्षीस देईल, त्या पटाची बातमी मी स्वतः येऊन करीन आणि जिंकलेल्या जोडीचा फोटो सगळ्यात मोठा लावीन. पुढाऱ्यांचा लावणार नाही.

बाकीच्यांनी कमेंटमध्ये फक्त एक लिहा : तुमच्या गावात आज वावरात चालणाऱ्या जोड्या किती उरल्या? अंदाज नको, मोजून लिहा.