शाळेतले संगीत कोणाच्या खर्चाने?

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरास महाशिवरात्रीची यात्रा भरते, तेव्हा गावोगावच्या देवस्वाऱ्या ढोलताशांच्या गजरात समुद्रस्नानासाठी किनाऱ्यावर उतरतात. चतुर्थीच्या दिवसांत भजनी मंडळे घरोघर फिरतात, आणि डबलबारीच्या सामन्यात दोन बुवा समोरासमोर बसले की श्रोते पहाटेपर्यंत हलत नाहीत. या साऱ्याचा बहुतांश भार गावकरी आणि मुंबईचे चाकरमानी वर्गणी काढून सोसतात. अशा या सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीताचा शिक्षक मात्र विरळाच. एखाद्या गुरुजींना पेटी येत असली तर ते मुलांचे नशीब. गुरुजींची बदली झाली की पेटी कपाटात जाते.

याचे मूळ कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. पण पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथेच. खाड्या-डोंगरांनी तुटलेल्या वाड्यावाड्यांच्या कोकणात, जेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईची वाट धरतो, शंभराचा पट किती शाळांना गाठता येणार? पाचवीपर्यंतच्या मुलांच्या वाट्याला तर तो निदेशकही नाही. त्याच अनुसूचीत ग्रंथालयाचा व खेळाच्या साहित्याचा उल्लेख आहे, वाद्यांचा नाही. आणि पुढे दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण! शाळेने जे शिकवलेच नाही त्याचे गुण शाळेच्या परीक्षेत द्यायचे, म्हणजे ज्यांच्या आईबापांना खासगी शिकवणी परवडली त्यांनाच ते द्यायचे.

यावर काही भली माणसे म्हणतात, गावची मंडळे समर्थ आहेत, देवस्थानाजवळ निधी आहे; शाळेचे संगीतही तेच सांभाळतील. सूचनेमागील सद्भाव मान्य करूनही ती आम्हांला स्वीकारता येत नाही. कोकणच्या देवळांत वाद्यवादन ही जातीने नेमून दिलेली सेवा होती. सनई घडशी समाजाने वाजवायची आणि मानाचे नारळ इतरांनी घ्यायचे. दशावतारात स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच करण्याची रूढी. आज महिलांची भजनी मंडळे उभी राहिली आहेत हे खरे, तरी पखवाजावर हात टाकणारी मुलगी अजून नवलाचाच विषय ठरते. वर्गणीदार आपल्या वाडीच्या मंडळाला पैसे देतो, त्यात गैर काही नाही. पण जिच्या बापाला वर्गणीच परवडत नाही, त्या मुलीने कोठे शिकावे?

दानावर चालणाऱ्या संगीतशाळेचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि विद्या दरबारातून लोकांत आणली. १९०८ साली ते मुंबईत आले. मैफलींच्या उत्पन्नावर व देणग्यांवर उभारलेली त्यांची मुंबईची वास्तू अखेर कर्जापायी लिलावात गेली. एवढ्या थोर माणसाला जे पेलले नाही, ते एखाद्या वाडीच्या मंडळाने पेलावे ही अपेक्षा क्रूर आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांचे समूह करून कला-संगीताचे शिक्षक त्यांत वाटून घेण्याची कल्पना आहे. समूहाच्या नावाखाली लहान शाळा बंद करण्यास आमचा विरोधच राहील. पण ही एक कल्पना शासनाने खरोखर अंमलात आणावी. शाळांच्या प्रत्येक केंद्रास एक पूर्णवेळ, पगारी संगीतशिक्षक द्यावा. त्याने आठवड्याचे वार शाळांमध्ये वाटून घ्यावेत. शंभराच्या पटाची अट रद्द व्हावी. नेमणुकीत पदवीइतकेच वजन डबलबारीच्या बुवाच्या आणि दशावतारातील पेटीवाल्याच्या अनुभवाला असावे, नाहीतर शहरातून आलेला पदवीधर बदलीचा अर्ज खिशात घेऊनच रुजू होईल. गावाचा वाटाही आहेच. वाद्ये गावाने द्यावीत, पखवाजाची पुडी बदलण्याचा आणि पेटी दुरुस्तीचा खर्च सोसावा. चाकरमान्यांच्या मंडळांना तो जड नाही. पगार मात्र सरकारी तिजोरीतूनच निघाला पाहिजे.

जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये होते. त्याआधी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कुणकेश्वरकरांनी हा ठराव मांडावा, आणि किनाऱ्यावरच्या शेजारच्या गावांनीही आपापले ठराव ओरोसला धाडावेत.